हाताने घडवलेलं जग की नियमाने उगवलेलं? ओपन-वर्ल्ड गेममधल्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, पुढचा गेम कोणता घ्यावा हे ठरवणारे. दुसरे, नागपुरात घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये युनिटी नाहीतर गोडो (दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर) उघडून स्वतःचा पहिला नकाशा बनवायला बसलेले. उत्तरं दोघांसाठी एकत्रच दिली आहेत, कारण खेळताना जिथे कंटाळा येतो, बहुतेक वेळा तिथेच बनवणाऱ्याची गाडीही अडलेली असते.

दोन्हीत नेमका फरक काय?

नागपूरच्या जुन्या इतवारीतली गल्ली आणि शहराबाहेर नुकताच पडलेला लेआउट डोळ्यांसमोर आणा. लेआउटमध्ये नियम आधी ठरतो: रस्ता ९ मीटरचा, प्लॉट ३० बाय ५० फुटांचा, एका कोपऱ्यात मोकळी जागा. एकदा नियम लिहिला की शंभर प्लॉट पाडा नाहीतर हजार, मेहनत जवळपास तेवढीच. इतवारीत गल्ली मध्येच अरुंद होते, पुढे अचानक चौक लागतो, एक बोळ मागच्या दाराशी जाऊन संपतो. प्रत्येक वळणाला त्याचं स्वतःचं कारण असतं आणि ते कारण दुसऱ्या वळणाला लागू पडत नाही.

हाताने घडवलेल्या जगात डोंगर, झोपडी, झोपडीतली तुटकी बाज, सगळं कुणीतरी जागा पाहून ठेवलेलं असतं. प्रोसीजरल जगात माणूस नियम लिहितो आणि जागा कॉम्प्युटर काढतो. त्यासाठी सुरुवातीला एक संख्या दिली जाते, तिला सीड म्हणतात. तोच सीड आणि तेच नियम दिले की तंतोतंत तेच जग पुन्हा मिळतं.

आमचं मत इथेच सांगून टाकतो, पुढची उत्तरं त्यावरच उभी आहेत. हाताने घडवलेल्या जगात खेळाडू जागा शोधतो. नियमाने उगवलेल्या जगात तो नियम शोधत असतो. नियम हाती लागले की तिथली उत्सुकता ओसरते, मग पुढे कितीही किलोमीटर जमीन शिल्लक असो.

प्रोसीजरल म्हणजे प्रत्येक खेळाडूला वेगळं जग मिळतं का?

नाही, हा सगळ्यात जुना गैरसमज आहे. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ १९८४ साली ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर आला. त्यात ८ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ तारे, म्हणजे एकूण २०४८. सगळे ६ बाइटच्या सीडपासून गणिताने काढलेले, आणि प्रत्येक खेळाडूला तेच. ‘नो मॅन्स स्काय’मध्येही (२०१६) विश्व सर्वांना एकच. ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर अठरा शून्यं द्यावीत त्याहूनही थोडी जास्त. दर सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी साधारण ५८ हजार कोटी वर्षं लागतील.

‘माइनक्राफ्ट’ किंवा ‘व्हॅलहाइम’मध्ये मात्र नवीन जग सुरू करताना सीड बदलतो, म्हणून तुमचं जग शेजाऱ्याच्या जगापेक्षा वेगळं.

हे एआयने केलेलं असतं का?

नाही. वरचं सगळं साध्या गणितावर चालतं. केन पर्लिन यांनी १९८३ मध्ये तयार केलेला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला नॉइज (जवळच्या जागांना जवळचे आकडे देणारं सूत्र) आजही बहुतेक डोंगरांच्या मुळाशी आहे.

मग कोणता गेम कोणत्या बाजूचा?

टोकाला फार थोडे असतात. ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) जवळजवळ पूर्ण हाताने घडवलेला. ‘मॉरोविंड’ही (२००२) तसाच, आणि त्याच मालिकेतला आधीचा ‘डॅगरफॉल’ (१९९६) नियमाने पसरवलेला, हजारो गावं आणि तळघरं असलेला. एकाच कंपनीने सहा वर्षांत एका टोकावरून दुसरं टोक गाठलं. दोन्ही खेळून पाहिले तर या विषयाचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

मोठ्या बजेटचे बाकीचे गेम मिश्र असतात. जंगल, गवत, दगड नियमाने पेरायचे आणि गावं, गुहा, वाटा हाताने ठेवायच्या. ‘ऑब्लिव्हियन’मधली (२००६) झाडं स्पीडट्री नावाच्या साधनाने उगवलेली आहेत, पण तेवढ्यावरून त्याला कुणी प्रोसीजरल गेम म्हणत नाही.

सुरुवातीला भारी वाटतं, पण दहा-पंधरा तासांनी सगळं सारखंच का वाटू लागतं?

कारण फरक मोजता येतो, पण जाणवत नाही. कढईतल्या पोह्यांच्या शंभर प्लेट भरा. दोन प्लेटींत दाणा न् दाणा सारखा असा कधीच नसतो, तरी चव एकच. ग्रहांचंही तसंच: डोंगराची उंची, आकाशाचा रंग, प्राण्याच्या पायांची संख्या बदलते, पण तिथे जाऊन तुम्ही करता काय, ते बदलत नाही.

दुसरं कारण तुकड्यांचं. ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) हजाराहून जास्त ग्रह आहेत. जमीन गणिताने बनते आणि तिच्यावर हाताने बांधलेली ठिकाणं नियमाने टाकली जातात. ठिकाणांचा साठा मर्यादित असल्यामुळे एका ग्रहावर पाहिलेला ओसाड तळ दुसऱ्या ग्रहावर जसाच्या तसा भेटतो: तीच खोली, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी. चिठ्ठी पहिल्यांदा वाचताना ती कुणाचं तरी आयुष्य होती, दुसऱ्यांदा वाचताना ती सामान होते. हे झाडाच्या बाबतीत खपतं, माणसाची खूण असलेल्या वस्तूच्या बाबतीत खपत नाही. बनवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बरंच वाचेल: ज्या वस्तूत गोष्ट आहे, ती वस्तू साठ्यात टाकू नका.

तिसरं कारण, जागेची गरजच नसणं. याचं उलट उदाहरण पाहा: ‘माइनक्राफ्ट’चं जग एका बाजूने ६ कोटी ब्लॉक लांब आहे, तरी लोक त्यात वर्षानुवर्षं राहतात. तिथे घर बांधायचं असतं, त्यामुळे नदी कुठे आणि गाव किती लांब याला किंमत येते. शिवाय नियम शिकण्याजोगे आहेत. १.१८ या आवृत्तीपासून हिरे खोल जावं तसे वाढत जातात, हे कळलेला खेळाडू वेगळ्या पद्धतीने खणतो. ‘व्हॅलहाइम’मध्ये मधल्या बिंदूपासून जितकं दूर जाल तितका प्रदेश कठीण, म्हणून होडी बाहेर काढण्याआधी तयारी करावी लागते. या खेळांमध्ये नियम शोधणं हाच खेळ आहे. जिथे फक्त पाहायचं आणि पुढच्या ग्रहावर उडायचं, तिथे पंधरा तासही पुष्कळ झाले.

म्हणजे हाताने घडवलेलं नेहमी चांगलंच?

मुळीच नाही. हाताने ठेवलेल्या गोष्टीही यादी भरायला ठेवता येतात. ‘विचर ३’मध्ये (२०१५) स्केलिगेच्या समुद्रात प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला आहे. बहुतेक ठिकाणी तस्करांची बुडालेली पेटी आणि वर घिरट्या घालणारे तेच शत्रू. त्याच गेममधल्या खेड्यांची घडण अप्रतिम आहे, म्हणून तो समुद्र जास्तच खुपतो.

चांगलं काय असतं ते ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) पाहा. तिथल्या डिझाइनरांनी जमिनीचा विचार त्रिकोणांत केला. मोठा त्रिकोण, म्हणजे डोंगर किंवा मनोरा, लांबून खूण म्हणून दिसतो. मधल्या आकाराची टेकडी तुमच्या आणि त्या खुणेच्या मध्ये येऊन मागचं काहीतरी झाकते. खेळाडूने चढून जावं की वळसा घालावा हे ठरवायचं, आणि दोन्हीकडे त्याला आधी न दिसलेलं काही मिळतं. नागपुरातल्या सीताबर्डीच्या (बर्डीच्या) किल्ल्याची टेकडी उंच नाही, पण आजूबाजूचं शहर सपाट असल्यामुळे दिशा ठरवायला पुरते. उंचीपेक्षा भोवतालाशी असलेला फरक महत्त्वाचा.

‘आउटर वाइल्ड्स’ची गोष्ट आणखी पुढची. सूर्यमाला काही किलोमीटरचीच, वेळ दर फेरीला २२ मिनिटं, आणि मिळवायचं असतं ते फक्त ज्ञान. एका ग्रहावर वाचलेली ओळ दुसऱ्या ग्रहावरचं बंद दार उघडते. मात्र हा गेम एकदाच खरा खेळता येतो. हाताने घडवलेल्या भटकंतीची ही मोठी किंमत आहे.

क्वेस्ट मार्कर आणि मिनीमॅप बंद करून खेळावं का?

गेम त्यासाठी बनवलेला असेल तरच. ‘मॉरोविंड’मध्ये पात्रं तोंडी रस्ता सांगतात, अमुक पुलानंतर डावीकडे वगैरे, आणि ते वहीत नोंदलं जातं, त्यामुळे मार्कर नसणं तिथे चालतं. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये (२०२०) वारा दिशा दाखवतो. पण ज्या गेममध्ये पात्र फक्त ‘त्याला शोध’ एवढंच म्हणतं आणि पत्ता मार्करमध्येच आहे, तिथे मार्कर बंद केला तर निव्वळ वणवण होते. मधला मार्ग असा: मिनीमॅप बंद, मोठा नकाशा चालू, आणि नकाशा फक्त उंच जागी थांबल्यावर उघडायचा.

विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

ट्रेलरवरून ओळखू येत नाही. सुरुवातीचे तास बहुतेक सगळीकडे हाताने सजवलेले असतात, त्यामुळे तेही फसवतात. कुणाचा तरी कापाकापी न केलेला व्हिडिओ शोधा आणि विसाव्या तासाच्या आसपासचा भाग पाहा. तीन ठिकाणं सलग पाहून विचारा: आत जाण्याआधी काय मिळेल याचा अंदाज बरोबर येतोय का? तिन्ही वेळा अगदी बरोबर येत असेल तर नियम तुम्हाला न खेळताच कळला आहे.

स्टीमवर घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास मुख्य कथेत घालवू नका. पहिली मोकळीक मिळताच कथेकडे पाठ करून सरळ एका दिशेने चालत सुटा.

मित्राने दिलेला माइनक्राफ्ट सीड माझ्याकडे वेगळंच जग दाखवतो. का?

आवृत्ती तपासा. नियम बदलले की त्याच सीडचं उत्तर बदलतं. १.१८ पासून जावा आणि बेडरॉक या गेमच्या दोन्ही प्रकारांत जमीन आणि प्रदेश जवळजवळ सारखे येतात, पण गावं, किल्ले वगैरे बांधकामं वेगळ्या जागी पडू शकतात. सीड देताना आवृत्तीचा आकडाही द्या.

मे महिन्यात असे गेम खेळताना लॅपटॉप अडखळतो. काय करावं?

हाताने घडवलेला नकाशा डिस्कवरून वाचला जातो. प्रोसीजरल नकाशा त्या क्षणी प्रोसेसर बनवत असतो. बाहेर ४५ अंश असताना प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, मग चालताना समोरची जमीन उशिरा उगवते.

आधी दृश्य अंतर कमी करा. ‘माइनक्राफ्ट’मध्ये अंतर ३२ असेल तर भोवती ६५ गुणिले ६५, म्हणजे ४२२५ चंक (१६ गुणिले १६ ब्लॉकचे जमिनीचे तुकडे) सांभाळावे लागतात. १२ वर आणलं की २५ गुणिले २५, म्हणजे ६२५. सिम्युलेशन अंतर (जिथवर प्राणी, पिकं वगैरे हलतं-वाढतं) वेगळं असतं, तेही ६ ते ८ वर ठेवा.

मित्रांसाठी सर्व्हर चालवत असाल तर जग आधीच बनवून ठेवा. चंकी नावाचं प्लगइन हे काम करतं. केंद्र स्पॉनवर (खेळाडू जिथे पहिल्यांदा अवतरतो तिथे) ठेवून त्रिज्या ३००० ब्लॉक दिली, तर ३७५ गुणिले ३७५, म्हणजे १,४०,६२५ चंक होतात. मशीन सेकंदाला ३० चंक काढत असेल तर साधारण ७८ मिनिटं. हे काम पहाटे लावा.

आणि पीसी डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. हवा गार लागते, पण त्यातले पाण्याचे बारीक थेंब सुकून बोर्डावर क्षारांचा थर बसतो.

आम्ही दोघंच आहोत. स्वतःच्या गेमसाठी कोणता मार्ग घ्यावा?

आधी हिशेब करा. पात्र सेकंदाला ५ मीटर चालतं आणि दर ४० सेकंदांनी काहीतरी नजरेस पडावं असं वाटत असेल, तर अंतर २०० मीटर झालं. म्हणजे एका चौरस किलोमीटरला २५ ठिकाणं. एका ठिकाणाला दीड दिवस धरला तर एका माणसाचे ३७ ते ३८ दिवस, आणि ही चाचणीआधीची गोष्ट. दोघांना दोन चौरस किलोमीटर झेपतील, वीस नाही.

नवख्यांना प्रोसीजरल मार्ग स्वस्त वाटतो. तो जमिनीपुरताच स्वस्त आहे. डोंगर एका संध्याकाळी उगवतात, पण त्या डोंगरावर जाण्याचं कारण उगवत नाही. शिवाय हाताने बनवलेली खोली बिघडली तर एकच खोली दुरुस्त करायची असते. नियम बिघडला तर तो कोणत्या सीडला बिघडतो हे आधी शोधावं लागतं.

आमची शिफारस मिश्र पद्धतीची: जमीन नियमाने उगवा, पन्नास-साठ सीड पाहा, एक आवडला की तो गोठवा आणि पुढचं सगळं हाताने करा. हाताने केलेले बदल वेगळ्या थरात साठवा. नाहीतर पुढच्या वेळी जनरेटर चालवला की महिन्याची मेहनत पुसली जाते.

पहिला जनरेटर कसा लिहायचा?

गोडो ४ मध्ये नॉइज काढणारं फास्टनॉइजलाइट आतच मिळतं. फ्रिक्वेन्सी (लाटा किती दाट) ०.०१, ऑक्टेव्ह (लाटांचे थर) ५, लॅक्युनॅरिटी (दर थराला दाटी किती पट) २ आणि गेन (दर थराला उंची किती पट) ०.५ हे त्याचे मूळ आकडे. हे तसेच ठेवले तर सगळीकडे सारख्याच उंचीच्या लाटा मिळतात, नांगरलेल्या शेतासारख्या. ते टाळायला दोन नॉइज घ्या. पहिला ०.००१ फ्रिक्वेन्सीचा, जो फक्त ‘इथे डोंगराळ की सपाट’ एवढं ठरवेल. दुसरा ०.०१ चा, खऱ्या उंचसखलपणासाठी. पहिल्याने दुसऱ्याला गुणा. एवढ्यानेच मैदान, पायथा आणि डोंगर वेगळे दिसू लागतात.

झाडं साध्या रँडमने पेरू नका. कुठे पाच झाडं एकमेकांत घुसतात, कुठे उगाच टक्कल पडतं. प्वासाँ-डिस्क पद्धत वापरा: दोन झाडांत किमान अंतर ठरवायचं, समजा ३ मीटर, आणि प्रत्येक झाडाभोवती ३० वेळा नवी जागा शोधून पाहायची, नाही मिळाली तर ते झाड सोडून पुढे जायचं.

शेवटी वाट तपासा. सुरुवातीच्या बिंदूपासून फ्लड-फिल चालवा (चालत पोहोचता येणारी प्रत्येक शेजारची जागा रंगवत जाणं), आणि महत्त्वाचं ठिकाण त्यात आलं नाही तर ते ठिकाण हलवा.

वाट आधी आखून भोवती जग भरण्याची पद्धत तर आणखी चांगली. डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’त ती स्पष्ट दिसते. पातळी म्हणजे ४ गुणिले ४ अशा १६ खोल्या. वरच्या ओळीत एक खोली निवडायची आणि १ ते ५ मधला आकडा काढायचा. १ किंवा २ आला तर डावीकडे, ३ किंवा ४ आला तर उजवीकडे, ५ आला तर खाली. भिंत लागली तरी खाली. शेवटच्या ओळीत खाली जायचं ठरलं की तिथे बाहेरचं दार. मग वाटेवरच्या प्रत्येक खोलीसाठी, तिला कोणत्या बाजूंनी उघडं राहायला हवं ते पाहून, हाताने बनवलेल्या साच्यांतला एक बसवायचा. वाट कधीच अडत नाही, आणि प्रत्येक साच्यावर माणसाचा हात फिरलेला असतो.

चंकच्या कडेला जमिनीत फट दिसते, आणि परत आल्यावर झाडांची जागा बदललेली असते. काय चुकतंय?

या दोन वेगळ्या चुका आहेत. फट पडते ती नॉइज चंकच्या आतल्या ०-१५ अशा आकड्यांवर काढल्यामुळे. तो नेहमी जगाच्या आकड्यावर काढा: चंक क्रमांक गुणिले १६ अधिक आतला आकडा. फट गेली पण प्रकाशाची रेघ राहिली, तर नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा) काढताना शेजारच्या चंकची एक ओळ जास्तीची घ्या.

झाडं हलतात, कारण सगळ्या चंकांसाठी एकच रँडम जनरेटर वापरला जातोय. आधी पूर्वेला गेलात की पश्चिमेला, यावर पुढचे आकडे बदलतात. प्रत्येक चंकसाठी सीड आणि त्या चंकचे क्ष, य क्रमांक यांचा हॅश (त्यांच्यापासून ठराविक नियमाने निघणारी एकच संख्या) काढून नवा जनरेटर सुरू करा.

युनिटीत आणखी एक खोच आहे. मॅथएफच्या पर्लिननॉइजला पूर्णांक दिले की सगळीकडे एकच उंची मिळते. आकड्यांना ०.०१३ सारख्या अपूर्णांकाने गुणा. त्याला सीड देण्याचीही सोय नाही, म्हणून सीडपासून काढलेली सरक (ऑफसेट) आकड्यांत मिळवावी लागते. सरक लहान ठेवा. ३२ बिटच्या दशांश संख्येला एक लाख मीटरवर ८ मिलीमीटरपेक्षा बारीक फरक दिसत नाही, आणि पात्र थरथरायला लागतं. फार मोठं जग असेल तर खेळाडूला मूळ बिंदूजवळ ठेवून जगच सरकवा. ‘माइनक्राफ्ट’च्या जुन्या बीटा आवृत्त्यांत सुमारे १ कोटी २५ लाख ब्लॉकवर जमिनीच्या भिंती उभ्या राहायच्या, त्यामागेही नॉइजमधले पूर्णांक मर्यादेबाहेर जाणं हेच कारण होतं.

खऱ्या नागपूरचा नकाशा वापरून गेम बनवता येईल का?

येईल, पण शहर सपाट आहे हे आधीच मान्य करा. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीचा मोफत उंचीनकाशा एका आर्क-सेकंदाचा असतो. नागपूरच्या अक्षांशावर त्याचं एक घर (चौकट) उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९ मीटर. चौरस समजून टाकलात तर शहर आडवं ६ ते ७ टक्के ताणलं जातं. बर्डीची टेकडी एवढ्या जाड घरांत नीट उतरत नाही, ती हातानेच कोरावी लागते. युनिटीत उंचीनकाशा ५१३, १०२५ किंवा २०४९ अशा मापाचाच घ्या.

रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, श्रेय देणं बंधनकारक आहे. तिथे रस्ता म्हणजे मधली रेघ असते, रुंदी बहुतेक वेळा नोंदलेली नसते. त्यामुळे धरमपेठ बऱ्यापैकी ओळखू येईल, पण महाल-इतवारीच्या गल्ल्या सगळ्या एकाच रुंदीच्या होतील आणि त्यांचा जीवच जाईल. तिथे टेप घेऊन जा. दहा-बारा गल्ल्यांची रुंदी, ओट्यांची उंची आणि कुठून काय दिसतं एवढं वहीत लिहून आणा. सकाळी दुकानं उघडण्याआधी गेलात तर मापं घेता येतात.

गेम लोकांच्या हातात गेल्यावर जनरेटर सुधारायचा असेल तर?

प्रत्येक सेव्हमध्ये जनरेटरच्या आवृत्तीचा आकडा पहिल्या दिवसापासून लिहा. खेळाडूने पाहिलेले चंक जुन्या नियमाने ठेवा आणि नवा नियम फक्त न पाहिलेल्या भागाला लावा. दोन्हींच्या सीमेवर सरळ कडा उभा राहतो. तो टाळायला सीमेपासून काही चंकांपर्यंत जुनी आणि नवी उंची मिसळत न्या. माइनक्राफ्टने १.१८ मध्ये तेच केलं. सेव्हमध्ये फक्त खेळाडूने केलेले बदल साठवत असाल तर जुन्या जनरेटरचा कोड कायम गेममध्ये ठेवावा लागेल. तो काढलात, तर कुणाचं तरी घर पुढच्या वेळी डोंगराच्या पोटात सापडेल.